निवेदन ते अधिसूचना : बेंगळुरूची समितीपद्धती आणि ‘रोझ’ कांद्याचा अनुभव

देशांतर्गत भाववाढ रोखण्यासाठी केंद्र शासनाने २९ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. साधारण महिन्याभराने, ऑक्टोबरच्या अखेरीस, या बंदीला एक छोटा अपवाद करण्यात आला. बेंगळुरू परिसरात पिकणारा ‘बेंगळुरू रोझ’ हा गुलाबी कांदा ३० नोव्हेंबरपर्यंत, ९,००० टनांच्या मर्यादेत, फक्त चेन्नई बंदरातून निर्यात करण्यास परवानगी मिळाली. पुढील वर्षी १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी आली. तेव्हाही ऑक्टोबरमध्ये हा कांदा व आंध्र प्रदेशातील कृष्णपुरम कांदा यांना प्रत्येकी १०,००० टनांची मुभा देण्यात आली. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागू झाले आणि सप्टेंबरअखेरीस रोझ कांदा त्यातून वगळण्यात आला. मे २०२४ मध्ये याचीच पुनरावृत्ती झाली.

महाराष्ट्रातील कांदा उत्पादकास या घटनाक्रमाविषयी प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. धोरण एकच असताना एका वाणाला वारंवार सवलत कशी मिळते? या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग त्या कांद्याच्या गुणधर्मांत आहे. उरलेला भाग मागणी कशी मांडली जाते, यात आहे. व्यापारी व औद्योगिक संघटना हे काम विषयवार समित्यांमार्फत अनेक दशके करीत आल्या आहेत. शेतकरी उत्पादक कंपन्या व पीकनिहाय संघ यांनी ती पद्धत समजून घेणे उपयुक्त ठरेल.

सवलतीस पात्र ठरणारा कांदा

बेंगळुरू रोझ कांदा प्रामुख्याने बेंगळुरू ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर व कोलार या भागांत घेतला जातो. कंद आकाराने लहान व गोल, तळाशी चपटा, गडद गुलाबी-लाल रंगाचा आणि चवीला तिखट असतो. मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया या देशांत त्याला मागणी आहे. देशातील स्वयंपाकघरांत मात्र तो फारसा वापरला जात नाही. २०१५ मध्ये त्यास भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने या प्रकारातील ‘अर्का बिंदू’ हा वाण विकसित केला आहे.

या तपशिलांचा धोरणाशी थेट संबंध आहे. निर्यातबंदीचा हेतू देशांतर्गत पुरवठा वाढविणे हा असतो. जो कांदा देशात फारसा खाल्ला जात नाही, तो अडवून तो हेतू साध्य होत नाही. केवळ उत्पादकाचे नुकसान होते. हा युक्तिवाद शासनाच्या उद्दिष्टाला विरोध करीत नाही. संबंधित माल त्या उद्दिष्टाच्या कक्षेत येत नाही, एवढेच तो दाखवून देतो.

दुसरी बाब अंमलबजावणीची. सवलत दिल्यास तिच्या आडून साधा लाल कांदा बाहेर जाईल, ही शासनाची रास्त भीती असते. त्यावर अधिसूचनांतच उपाय आढळतो. २०१९ व २०२० मध्ये परिमाण, मुदत व बंदर निश्चित करण्यात आले. २०२३ मधील शुल्कमाफीसाठी मालाचा प्रकार व परिमाण यांविषयी कर्नाटकच्या फलोत्पादन आयुक्तांचे प्रमाणपत्र ही अट होती. माल कोणता, किती, कोठून जाणार आणि खात्री कोण देणार, या चार प्रश्नांची उत्तरे उपलब्ध असल्याने निर्णय घेणे शक्य झाले. या सवलतीचे श्रेय कोणा एका संस्थेचे नाही. उत्पादक, निर्यातदार, राज्य शासन व लोकप्रतिनिधी या सर्वांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता.

हाच साचा एप्रिल २०२४ मध्येही दिसला. सर्वसाधारण निर्यातबंदी कायम असताना २,००० टन पांढऱ्या कांद्यास मुंद्रा, पिपावाव व न्हावा शेवा या बंदरांतून, गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांच्या प्रमाणपत्रावर, परवानगी देण्यात आली. महाराष्ट्रातील उत्पादकांत त्यावरून नाराजी उमटली आणि ती समजण्याजोगी होती. तथापि परिमाण, बंदर व प्रमाणपत्र ही रचना येथेही तीच होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

समितीपद्धतीची परंपरा

अशी मागणी आयत्या वेळी तयार होत नाही. तिच्यासाठी कायमस्वरूपी यंत्रणा लागते. बेंगळुरू शहरात अशा यंत्रणेचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याच्या मुळाशी महाराष्ट्राला परिचित असलेले नाव आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे जन्मगाव मुद्देनहळ्ळी हे आजच्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात, म्हणजे रोझ कांद्याच्याच पट्ट्यात आहे. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले. मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी गटवार सिंचनाची पद्धत सुचविली आणि १९०३ मध्ये खडकवासला येथे त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले.

म्हैसूर संस्थानात परतल्यावर त्यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये ‘म्हैसूर आर्थिक परिषद’ सुरू झाली. शेती, उद्योग-व्यापार व शिक्षण या तीन विषयांसाठी तिच्या स्वतंत्र समित्या होत्या. अधिकारी व बिनसरकारी जाणकार एकत्र बसून संस्थानाच्या आर्थिक प्रश्नांचा विचार करीत. पुढे ते संस्थानाचे दिवाण असताना, १९१६ मध्ये, बेंगळुरू येथे म्हैसूर चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. तीच संस्था आज ‘फेडरेशन ऑफ कर्नाटक चेंबर्स ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री’ म्हणजे एफकेसीसीआय या नावाने ओळखली जाते. करप्रणाली, ऊर्जा, कामगार, कृषी व अन्नप्रक्रिया अशा विषयांवर तिच्या समित्या काम करतात. राज्याच्या अर्थसंकल्पापूर्वी शासनाला सविस्तर निवेदन सादर करणे हा तिच्या कामाचा नियमित भाग आहे.

महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. पुण्यातील मराठा चेंबरची स्थापना १९३४ ची. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ तर खुद्द उत्पादकांची संघटना असून साठीच्या दशकापासून कार्यरत आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात भारतीय द्राक्षांची अडवणूक झाली. त्या प्रसंगातून बागायतदार, निर्यातदार, अपेडा व राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांच्यातील सततच्या संवादाचे महत्त्व अधोरेखित झाले.

समिती प्रत्यक्षात काय करते?

व्यापारी संघटनेच्या समितीचे काम सामान्यतः चार टप्प्यांत चालते.

पहिला टप्पा तक्रारींच्या संकलनाचा. सभासद आपापल्या अडचणी घेऊन येतात. त्यांपैकी काही एखाद्या कार्यालयातील दिरंगाईच्या, काही नियमाच्या चुकीच्या अर्थाच्या, तर काही नियमातच बदल हवा अशा असतात. पहिल्या प्रकाराला अधिकाऱ्याची भेट पुरते, दुसऱ्याला स्पष्टीकरणात्मक परिपत्रक लागते आणि तिसऱ्यासाठी अधिसूचना किंवा कायद्यात दुरुस्ती आवश्यक असते. ही वर्गवारी न करता सर्व तक्रारी मंत्र्यांपुढे एकाच निवेदनात मांडल्या, तर बहुधा एकीचाही निकाल लागत नाही.

दुसरा टप्पा पुराव्याचा. किती सभासदांना अडचण आली, किती मालावर परिणाम झाला, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या कलमामुळे, याची नोंद केली जाते.

तिसरा टप्पा योग्य दार ठरविण्याचा. निर्यातबंदीची अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालय काढते, निर्यात शुल्काचा निर्णय वित्त मंत्रालयाकडून येतो, तर बाजार समितीविषयक कायदा राज्याचा असतो. चुकीच्या कार्यालयात दिलेले उत्तम निवेदनही पुढे सरकत नाही.

चौथा टप्पा पाठपुराव्याचा. पदाधिकारी बदलले तरी समितीची नोंदवही कायम राहते. मागील वर्षी कोणती मागणी केली, काय उत्तर मिळाले आणि कोणता मुद्दा राहून गेला, हे त्या नोंदवहीतून कळते. आंदोलनामुळे प्रश्नाकडे लक्ष वेधले जाते. परंतु त्यानंतर चर्चेला बोलावणे आले असता टेबलावर ठेवण्याचा कागद समितीच तयार करते.

सहभागाची खुली दारे

या प्रक्रियेतील अनेक संधी केवळ उद्योगांसाठी राखीव नाहीत. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६४ नुसार वीज नियामक आयोगाने दरप्रस्तावावरील जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच निर्णय द्यावयाचा असतो. औद्योगिक संघटना या संधीचा नियमित लाभ घेतात; शीतगृह, पॅकहाउस किंवा प्रक्रिया केंद्र चालविणारी उत्पादक कंपनीही तो घेऊ शकते. केंद्र शासनाच्या २०१४ मधील कायदापूर्व सल्लामसलत धोरणानुसार प्रस्तावित कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस जनतेसाठी खुला ठेवणे अपेक्षित आहे. किमान आधारभूत किमतींची शिफारस करण्यापूर्वी कृषी खर्च व मूल्य आयोग शेतकरी प्रतिनिधींशी चर्चा करतो. अशा मुदतींकडे व सूचनांकडे लक्ष ठेवणारी व्यक्ती संघटनेत नेमलेली नसेल, तर संधी नकळत निघून जाते.

व्यापाऱ्यांची संघटना आणि शेतकऱ्यांचे हित

व्यापारी महासंघ आपल्या सभासदांची बाजू मांडतो आणि ती प्रत्येक वेळी शेतकऱ्याची बाजू असेलच असे नाही. निर्यात खुली राहावी, वाहतूक सुलभ व्हावी, प्रक्रिया उद्योग वाढावा, या मुद्द्यांवर दोघांचे हित जुळते. बाजार शुल्काच्या प्रश्नावर मात्र दृष्टी बदलते. व्यापाऱ्यास तो खर्च वाटतो, तर वजनकाटा, लिलावगृह व निवाऱ्याची सोय त्याच शुल्कातून होत असल्याने शेतकऱ्यास त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. भाव पाडणाऱ्या आयातीकडे प्रक्रियादार स्वस्त कच्चा माल म्हणून पाहू शकतो. म्हणून आपला प्रश्न अन्य संघटनेवर सोपवून शेतकऱ्यांचे काम संपत नाही. समान मुद्द्यांवर सहकार्य करावे आणि वेगळ्या मुद्द्यांसाठी स्वतःची समिती असावी, हे श्रेयस्कर.

महाराष्ट्रासाठी बोध

रोझ कांद्याचे उदाहरण जसेच्या तसे लासलगावला लागू होणार नाही. महाराष्ट्राचा रब्बी कांदा साठवणुकीत राहून देशाची अनेक महिन्यांची गरज भागवितो. त्यामुळे ‘हा माल देशात खपत नाही’ असा युक्तिवाद येथे करता येत नाही. लासलगावच्या कांद्यास व अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास भौगोलिक मानांकन आहे. परंतु केवळ मानांकनाने सवलत मिळत नाही. मानांकित माल वेगळा ओळखता आला, त्याचे क्षेत्र व उत्पादन नोंदलेले असले आणि प्रमाणित करणारी यंत्रणा तयार असली, तरच त्या ओळखीचा धोरणात उपयोग होतो.

मोठ्या प्रमाणावरील कांद्यासाठी मागणीचे स्वरूप निराळे असावे लागेल. ‘बंदी उठवा’ या व्यापक मागणीबरोबरच, अधिसूचनेपूर्वी सीमाशुल्क विभागाकडे सोपविलेल्या मालास संक्रमणकालीन सवलत मिळावी किंवा निर्णयाचा आढावा ठरावीक मुदतीत व्हावा, अशा मर्यादित व तपासता येण्याजोग्या मागण्या जोडता येतात. व्यापक मागणी फेटाळली गेली तरी मर्यादित मागणीने काही उत्पादकांचा हंगाम वाचू शकतो.

शेतकरी उत्पादक कंपन्या व पीक संघ यांनी पुढील बाबींचा विचार करावा.

• तीन ते पाच सभासदांची धोरण समिती नेमावी. तीत एक उत्पादक, एक विक्री पाहणारा व एक लेखी कामात निपुण सभासद असावा.

• लागवडीचे क्षेत्र, काढणीचे आठवडे, चाळीतील साठा, साठवणुकीतील घट, उत्पादन खर्च व मिळालेला दर यांची नोंद दर हंगामात ठेवावी. संकट आल्यावर गोळा केलेल्या आकड्यांपेक्षा अशा सलग नोंदींना अधिक वजन असते.

• प्रत्येक निवेदन एका विषयापुरते व दोन पानांत बसेल असे लिहावे. समस्या, पुरावा, मागणी, अंमलबजावणीची पद्धत व गैरवापर टाळण्याचा उपाय या क्रमाने मांडणी करावी.

• निवेदनाची पोच, उत्तर व पुढील भेटीची तारीख नोंदवहीत लिहावी.

• अर्थसंकल्प, वीजदर सुनावणी व मसुदा नियम यांचे वार्षिक वेळापत्रक कार्यालयात लावावे.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका येथे महत्त्वाची आहे. कृषी विज्ञान केंद्रे व कृषी विभागाचे कर्मचारी निवेदनाचे पक्षकार होऊ शकत नाहीत; मात्र नोंदींचे नमुने देणे, आकडेवारी तपासून घेणे आणि वाणाचे गुणधर्म, साठवणक्षमता व अवशेष मर्यादा यांविषयीची शास्त्रीय माहिती पुरविणे हे त्यांच्याच कामाचे अंग आहे.

कांद्यावरील उरलेले २० टक्के निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. भाव पुन्हा चढल्यास निर्बंधांचा प्रश्न पुन्हा उपस्थित होऊ शकतो. त्या वेळी आपला माल किती, कोणत्या चाळीत आणि कोणत्या प्रतीचा आहे, हे लेखी सांगता येणाऱ्या उत्पादक संघाचे म्हणणे विचारात घेणे शासनालाही सोपे जाईल. त्यासाठीच्या नोंदी याच हंगामाच्या काढणीपासून सुरू कराव्या लागतील.