सगळ्यात महागडी कॉपी

एक टेराबाइटची एक्स्टर्नल हार्ड डिस्क काही हजार रुपयांत मिळते. ती बंद पडली आणि आतले फोटो काढून घ्यायला डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलात, तर तो डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट आकडा सांगू शकतो. गिऱ्हाईक चिडतं. डबा एवढ्याचा, मग आतलं सामान काढायला इतके पैसे कसले? प्रश्न रास्त आहे. पण तो डबा उघडून बघितला की दुसराच प्रश्न पडतो: हे यंत्र मुळात चालतंच कसं?

आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात. डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये त्या मिनिटाला बहुधा ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीची कड त्या वेळी ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने पळत असते. तिच्यावरून वाचणारं-लिहिणारं हेड फिरतं, पण ते तबकडीला टेकत नाही. तबकडीच्या फिरण्यानेच जो वारा तयार होतो, त्या वाऱ्यावर ते तरंगतं. किती उंचीवर? अवघ्या काही नॅनोमीटरवर. आपल्या डोक्यावरचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो! सिगारेटच्या धुराचा कणसुद्धा त्या फटीत मावणार नाही. आणि असं यंत्र आपण बॅगेत टाकून एसटीने फिरतो.

आता ही डिस्क चालू असताना टेबलावरून पडली असं समजा. हेड तबकडीवर आपटतं, वाकतं. पुन्हा वीज दिली की ते तबकडीवरच्या खुणा शोधायला जातं, सापडत नाहीत म्हणून मागे येऊन ठोकर घेतं, पुन्हा जातं. बाहेर ऐकू येतं टक, टक, टक. आपण काय करतो? 'एकदा अजून बघू' म्हणत वायर काढून परत लावतो. प्रत्येक 'एकदा अजून'ला वाकलेलं हेड तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडत जातं. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात. हा खरवडण्याचा खेळ फार चालला, तर डिस्क उघडल्यावर आत काळी भुकटी आणि जिच्यातून आरपार दिसतं अशी स्वच्छ काच, एवढंच उरतं. तिथे कितीही पैसे ओता, फोटो येत नाहीत, कारण ते त्या भुकटीत गेलेले असतात. म्हणून टकटक ऐकू आली की वायर काढायची आणि पुन्हा लावायची नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा जुना तोडगाही विसरा. तिच्यात पाणी धरतं.

प्रयोगशाळेत पुढे काय होतं? धूळ गाळलेल्या हवेत डिस्क उघडतात. मोडक्या हेडच्या जागी चांगलं हेड हवं, आणि ते सुटं मिळत नाही. त्याच मॉडेलची, जुळत्या फर्मवेअरची, शक्यतो त्याच सुमारास बनलेली दुसरी चालू डिस्क शोधायची आणि तिचा बळी द्यायचा. या धंद्यात तिला 'डोनर' म्हणतात. तबकडीच्या वरचं आणि खालचं हेड एकमेकांना चिकटू नये म्हणून मध्ये कंगव्यासारखं एक बारीक हत्यार सरकवून हेडची ती सगळी जुडी उचलायची, तशीच मोडक्या डिस्कमध्ये बसवायची.

सर्किट बोर्ड जळालं असेल, तर सारखं दिसणारं बोर्ड आणून लावलं की झालं, असं वाटतं. होत नाही. कारखान्यात प्रत्येक डिस्कची स्वतंत्र मापं घेतलेली असतात: हिचं हेड किती सरकलेलं आहे, हिला किती प्रवाह लागतो. ही मापं बोर्डावरच्या आठ पायांच्या एका चिमुकल्या चिपमध्ये लिहून ठेवतात. ती चिप जुन्या बोर्डावरून सोल्डर काढून नव्या बोर्डावर बसवावी लागते. एकाच कारखान्यातून पाठोपाठ बाहेर पडलेल्या दोन डिस्कही स्वभावाने वेगळ्या असतात, हे मला तरी फार गमतीचं वाटतं.

एवढं झाल्यावर डिस्क थोडा वेळ श्वास घेते. त्या वेळात कुशल कारागीर तुमचे फोटो उघडून बघत बसत नाही. तो आधी संपूर्ण डिस्कची नक्कल काढायला घेतो. सोपा भाग आधी, खराब पट्टे सोडून द्यायचे, त्यांच्याकडे शेवटी वळायचं, कारण उसनं हेड कधी मान टाकेल सांगता येत नाही. पुढची सगळी शोधाशोध त्या नकलेवर. म्हणजे बिल कशाचं आलं? एका कॉपीचं. डिस्क धडधाकट असताना जी एका रात्रीत आपोआप निघाली असती, त्याच कॉपीचं.

अर्थात हे कारागीर काय करू शकतात, याला काही सीमा आहे की नाही असं वाटायला लावणारी एक गोष्ट घडलेली आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि तिच्या सहा सहकाऱ्यांना घेऊन परतणारं कोलंबिया यान साठ किलोमीटरहून अधिक उंचीवर फुटलं. त्यात झेनॉन वायूच्या चिकटपणाचा (व्हिस्कॉसिटीचा) एक प्रयोग होता आणि त्याची नोंद सीगेटच्या एका डिस्कवर होत होती. काही नोंदी उड्डाणातच पृथ्वीवर आल्या होत्या, बाकीच्या डिस्कबरोबर गेल्या. सुमारे सहा महिन्यांनी एका कोरड्या तलावात ती डिस्क सापडली. जळकी, सील वितळलेली, आत धूळ गेलेली. ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञाने तबकड्या धुतल्या, नव्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळपास ९९ टक्के माहिती वाचून काढली! २००८ साली त्या प्रयोगाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

पण यातलं नशीबही बघा. डिस्क अर्धीच भरली होती आणि इजा झाली ती न लिहिलेल्या भागाला. शिवाय यंत्रणा जुनी डॉसची, माहिती फारशी विखरून न टाकणारी. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून काहीच हाती लागलं नाही. तेव्हा कोलंबियाचा दाखला देऊन निर्धास्त होऊ नये.

मोडतोड काहीच नाही, फक्त चुकून डिलीट झालंय, हा प्रकार बराच स्वस्त. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेत जागचं हलत नाही. डिलीटचंही तसंच आहे. फाईल जागेवरच असते, फक्त 'ही जागा मोकळी' अशी नोंद होते. जुन्या डॉसमध्ये तर डिलीट केल्यावर फाईलच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर पुसून तिथे एक खूण ठेवत. म्हणून १९९१ च्या डॉस ५ मधली 'अनडिलीट' आज्ञा फाईल परत देताना तुम्हालाच विचारायची: पहिलं अक्षर काय होतं बुवा? नोंदवहीच नष्ट झाली असेल, तर प्रोग्राम सबंध डिस्क चाळत सुटतो. जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते, ते दिसले की इथे फोटो आहे हे ओळखतो. म्हणूनच परत आलेल्या फोटोंची नावं जातात, उरतात नुसते आकडे. मात्र मोकळ्या झालेल्या जागेत नवं काही लिहिलं गेलं, की ही वाट बंद.

एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिप असलेली डिस्क, आणि मोबाइल यांच्यात ही वाट बहुतेक वेळा आधीच बंद असते. डिलीट केलं की कॉम्प्युटर एसएसडीला सांगून टाकतो, 'हे आता नको', आणि एसएसडी फावल्या वेळात तो भाग खरोखरच पुसते. आताच्या फोनमध्ये सगळं कूटबद्ध असतं. फॅक्टरी रीसेट म्हणजे किल्लीच नष्ट. मागे राहिलेल्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

मग कॉपी ठेवायची. पण कशी? इथे न्हावाशेवाचा विषय निघतो. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा विषारी प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला आणि मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी ठप्प झाली. तिच्या समूहाकडे असलेलं न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनलही त्यात अडकलं. नेटवर्कवर कोणाला कुठे प्रवेश हे ठरवणारे कंपनीचे सुमारे १५० सर्व्हर होते आणि ते आपल्या नोंदी सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळेच एकदम जातील हे कोणी धरलंच नव्हतं. ते गेले, एक सोडून. घानामधला सर्व्हर वाचला, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगचे उपकार मानावेत असा दुसरा प्रसंग मला तरी ठाऊक नाही. तिथलं इंटरनेट इतकं संथ की जिथे दुरुस्ती चालली होती त्या ब्रिटनला डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकजण डिस्क घेऊन नायजेरियाला गेला आणि विमानतळावर ती ब्रिटनला निघालेल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती दिली. कंपनीचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

फोनमधला फोटो पुसला की क्लाउडमधूनही जातो, ती हीच जुळवाजुळव. तिला बॅकअप समजू नका. बॅकअप म्हणजे वायर काढून कपाटात ठेवलेली डिस्क, आणि एखादी कॉपी दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा मुलीकडे.

ती उघडते का, हेही बघा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच सोयींपैकी एकही नीट चालत नव्हती. वाचवलं ते सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढलेल्या एका कॉपीने. या रविवारी बॅकअपमधला एखादा जुना फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडला नाही, तरी मूळ डिस्क अजून चालू आहे. त्याच दिवशी नवी कॉपी काढा.