फिट थांबली, पण लक्ष कुठे आहे?

खर्ड्यासारख्या गावात फिट येते हे सांगितले जाते ते हळू आवाजात. मुलगी असेल तर आणखी हळू. लक्ष लागत नाही, ही मात्र कोणी तक्रार मानत नाही. आळस, वांडपणा, फार तर 'मोबाइलचा परिणाम' म्हणून ती निकालात निघते. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असल्या की पहिलीसाठी गोळ्या मिळतात आणि दुसरीसाठी बोलणी. ही वाटणी चुकीची आहे, कारण दुसरीकडे दुर्लक्ष झाले की पहिलीच्या गोळ्याही वेळेवर पोटात जात नाहीत.

अपस्मार, म्हणजे ज्याला आपण फिट, आकडी किंवा फेफरे म्हणतो, तो मेंदूतील विद्युत संदेशांच्या गोंधळाचा आजार आहे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे आणि नीट औषधोपचार झाले तर त्यातील ७० टक्क्यांच्या आसपास लोकांच्या फिट्स थांबू शकतात. दुसरीकडे, लक्ष टिकत नाही, हातातले काम अर्धवट सुटते, वस्तू हरवतात, स्वस्थ बसवत नाही, ही लक्षणे लहानपणापासून आणि घरी-शाळेत दोन्हीकडे सतत दिसत असतील, तर त्याला एडीएचडी म्हणतात. सर्वसाधारण मुलांमध्ये त्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास मानले जाते. अपस्मार असलेल्या मुलांत मात्र दर तीन-चार मुलांमागे एकात ती लक्षणे सापडतात.

त्यातही एक फरक आहे. एडीएचडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाकावरून उड्या मारणारा मुलगा येतो. अपस्माराच्या जोडीला येणारी लक्षणे बऱ्याचदा गप्प स्वभावाची असतात. मूल त्रास देत नाही, नुसते हरवलेले असते. म्हणून ते कोणाच्या नजरेत भरत नाही, मुली तर नाहीतच. आइसलंडमधील एका अभ्यासात असे दिसले की, ज्या मुलांना पुढे फिट यायला लागल्या त्यांच्यात लक्ष न लागण्याची लक्षणे पहिल्या फिटच्या आधीपासूनच इतरांपेक्षा जास्त होती. म्हणजे 'फिटमुळे डोके मंद झाले' हा घरोघरचा निष्कर्ष घाईचा आहे. दोन्हींचे मूळ मेंदूच्या एकाच जडणघडणीत असू शकते.

अर्थात, मूल हरवलेले दिसण्याचे कारण दर वेळी एडीएचडीच असेल असे नाही. आधी पाहायला हवे की ही फिटच तर नाही ना. लहान मुलांमध्ये एक प्रकार असा असतो की मूल पडत नाही, झटके देत नाही. बोलता बोलता पाच ते वीस सेकंद थांबते, शून्यात पाहते, कधी पापण्या फडफडतात, आणि मग काही झालेच नाही अशा थाटात पुढे चालू लागते. दिवसातून असे कित्येकदा होऊ शकते. फळ्यावरचे गणित अर्धे उतरवलेले, बाईंचे अर्धे वाक्य निसटलेले. तंद्री लागलेल्या मुलाला खांद्याला हात लावून हाक मारली की ते भानावर येते, या फिटमधले मूल येत नाही. अशा वेळी शिक्षकांनी किंवा आईने मोबाइलवर काढलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण डॉक्टरांना फार उपयोगी पडते. खात्री मेंदूच्या आलेखाने, म्हणजे ईईजीने होते.

दुसरा संशयित औषध. फिनोबार्बिटोन ही जुनी, स्वस्त आणि परिणामकारक गोळी. काही मुले ती घेताना चिडचिडी, अतिचंचल होतात, काही सुस्तावतात. वर सांगितलेल्या शून्यात पाहण्याच्या फिट्सवर अमेरिकेत ४५३ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात व्हॅल्प्रोएट आणि इथोसक्सिमाइड ही दोन औषधे फिट थांबवण्यात सारखीच ठरली. पण लक्षाच्या चाचणीत व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या ४९ टक्के मुलांत दोष दिसला, तर इथोसक्सिमाइड घेणाऱ्या ३३ टक्क्यांत. हे वाचून कोणी घरातली गोळी बंद करू नये. अपस्माराचे औषध अचानक तोडले तर लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकते. गोळी बदलता येते का, मात्रा कमी होते का, हे विचारायचे ते डॉक्टरांना, आणि विचारायला संकोच करायचा नाही.

हे सगळे तपासूनही लक्षणे उरली तर एडीएचडीवर उपचार आहेत. मेथिलफेनिडेटसारख्या औषधाने फिट वाढतील ही भीती अनेक वर्षे होती. फिट आटोक्यात असलेल्या मुलांत तसे होत नाही, असे आजवरचे अभ्यास सांगतात. मात्र ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचे औषध आहे आणि कुठल्याही दुकानात सहज मिळत नाही.

आता गोळ्यांच्या वेळेकडे येऊ, कारण खरी गाठ तिथेच बसते. अपस्माराचा उपचार म्हणजे रोज, ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षे गोळी घेणे. आटोक्यात आलेली फिट पुन्हा येण्याची दोन नेहमीची कारणे म्हणजे चुकलेली गोळी आणि मोडलेली झोप. आणि ज्याचे लक्ष टिकत नाही, त्याला नेमके हेच जमत नाही. गोळी चुकते, फिट येते, त्यानंतर दिवसभर डोके जड, रात्रीची झोप विस्कळीत, दुसऱ्या दिवशी लक्ष आणखी कमी, आणि पुढची गोळीही विसरली जाते. आपण त्याला निष्काळजी म्हणून मोकळे होतो.

जामखेड तालुक्यात या चक्राला आणखी एक आरा आहे. दसरा-दिवाळीनंतर इथल्याही टोळ्या ऊसतोडीला बाहेर पडतात. पहाटे अंधारात फडात जायचे, गाडी आली की मध्यरात्री उठून मोळ्या भरायच्या. झोपेचे वेळापत्रक तिथे मुकादमाच्या हाती. सरकारी दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या काही आठवड्यांत संपतात, आणि नवीन चिठ्ठीसाठी परजिल्ह्यातला कोणता दवाखाना गाठायचा हे कोपीत कोणाला माहीत नसते. अशा माणसाला 'मोबाइलवर गजर लावा' हा सल्ला पुरेसा नाही. लक्ष न टिकणारा माणूस गजर बंद करतो आणि गोळी विसरतो. त्यापेक्षा गोळी सकाळच्या चहाला आणि रात्रीच्या भाकरीला बांधलेली बरी. सात खणांची डबी असावी, दर रविवारी ती दुसऱ्या कोणीतरी भरावी. रिकामा खण म्हणजे घेतली, भरलेला म्हणजे राहिली, यात आठवण्याचा प्रश्नच येत नाही. दिवसातून तीनदाऐवजी एकदा-दोनदा घ्यायचे औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. आणि निघण्यापूर्वी जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात, चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवावा.

खर्ड्याहून नगर शंभर किलोमीटरच्या घरात. मेंदूविकारतज्ज्ञाकडे दर महिन्याला जाणे शेतमजुराला परवडत नाही. पण मधल्या कामाला तज्ज्ञ लागतोच असे नाही. हे याच तालुक्याने साऱ्या देशाला दाखवले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले, तेव्हा गावातल्याच, बऱ्याचदा अक्षरओळख नसलेल्या बायकांना शिकवून आरोग्याचे काम त्यांच्या हाती दिले. औषध घेतले का, हे घराच्या उंबऱ्यावर विचारणारी शेजारची बाई या आजारात फार मोलाची. आज ते काम आशाताई करू शकतात.

सरकारी कागदावर तर सोय आधीच आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० आजारांच्या यादीत झटक्यांचे विकार आहेत आणि एडीएचडीही आहे. शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा पथकाने तपासणी करावी, गरज असेल त्या मुलाला पुढे पाठवावे, अशी योजना आहे. पथक येते त्या दिवशी फिटच्या गोळ्या चालू असलेल्या मुलाचे नाव 'उपचार सुरू' म्हणून पुढे सरकू नये. त्याच्या वर्गशिक्षकांना तिथेच विचारावे, वर्गात याचे लक्ष कसे असते? मोठ्यांसाठी आणि पालकांसाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येते.

दवाखान्यात विचारले जाते, 'फिट आली का?' 'नाही' म्हटले की जुन्याच गोळ्या पुन्हा लिहून मिळतात आणि पुढचा नंबर येतो. मागे रांग असते, हे खरे. तरीही उठण्याआधी आईने एवढे सांगावे: मागच्या महिन्यात किती गोळ्या डबीत शिल्लक राहिल्या, रात्री झोप किती झाली, आणि वहीत किती पाने अर्धी लिहून सुटली आहेत. जमल्यास ती वहीच सोबत न्यावी.