भिंत एकच, मग जीव खालच्याच बाजूचे का गेले?

मुसळधार पाऊस कुसगावच्या बंगल्यावर पडतो आणि बांधकामाजवळच्या पत्र्याच्या शेडवरही. पाऊस सारखाच, पण धोका सारखा नसतो. असं का?

2019 मध्ये काय घडलं?

29 जून 2019. पुण्यातल्या कोंढव्यात मध्यरात्रीनंतर एका सोसायटीची भिंत कोसळली. भिंतीच्या वर सोसायटीचं पार्किंग होतं, तर खाली शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खोल्या. 15 जणांचा मृत्यू झाला. त्यात लहान मुलंही होती. बहुतेक कुटुंबं बिहारमधून कामासाठी आलेली.

त्यानंतर तीनच दिवसांत पुण्याच्या आंबेगावात भिंत पडून 6 मजूर गेले. त्याच रात्री मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली. तिथे 20 हून अधिक माणसं दगावली.

भिंत का पडते?

पावसाचं पाणी भिंतीमागच्या मातीत मुरतं. माती जड होते, पाण्याचा दाब वाढतो. पाणी बाहेर पडायला भिंतीत छिद्रं नसतील किंवा पायाशी खोदकाम झालं असेल, तर भिंत पुढे कलते.

मग खाली मजूरच का?

1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानुसार मजुरांना राहायला मोफत जागा देणं ही मालकाची जबाबदारी होती. ही जागा कामावर किंवा शक्य तितकी जवळ असावी, असंही तो कायदा सांगत होता. पण साइटवर मोकळी जागा उरते ती कडेला, म्हणजे अनेकदा भिंतीलगत. ती जागा मजूर निवडत नाहीत. नको म्हटलं तर कामही जातं आणि छप्परही. म्हणूनच अभ्यासक म्हणतात, पाऊस नैसर्गिक असतो, आपत्ती नाही.

कुसगावचा काय संबंध?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची 'मिसिंग लिंक' खोपोलीहून कुसगावला येते. रस्ता आला की बांधकामं वाढतात. उतारावरच्या बांधकामाला संरक्षक भिंत लागते. आणि बांधकाम म्हटलं की मजुरांच्या शेडही आल्याच.

आपण काय पाहायचं?

आपल्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे कोण राहतं? भिंतीला तडा किंवा फुगवटा आहे का? छिद्रं बुजली आहेत का? असं काही दिसलं तर सोसायटी, बिल्डर आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला लेखी कळवा. धोका लगेचचा वाटला तर 112 वर फोन करा. आणि आधी खालच्या माणसांना तिथून हलवायला सांगा. भिंतीची दुरुस्ती नंतरही होईल.