कचऱ्यावर हक्क सांगणाऱ्या बायका

१९९० च्या सुमारास पुण्यात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागानं कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीत साक्षरता वर्ग सुरू केले. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघी त्या कामात होत्या. वर्गातल्या बायका-मुली भल्या पहाटे पोतं खांद्यावर टाकून कुंड्या उपसायला निघत. त्यांच्याबरोबर फिरल्यावर एक साधी गोष्ट लक्षात आली: घरोघरच्या लोकांनी ओलं-सुकं वेगळं ठेवलं, तर या बायकांना खरकट्यात, काचांत हात घालावा लागणार नाही. कोरेगाव पार्कमध्ये रहिवाशांना तशी विनंती केली गेली. काही घरांनी ऐकलं. बायकांच्या हाती स्वच्छ कागद-पुठ्ठा येऊ लागला, मिळकत वाढली, उन्हातले तास वाचले.

आणि मग त्याच भागात एका खासगी उद्योजकाची कचरागाडी सुरू झाली. कालपर्यंत ज्या कचऱ्याकडे पाहून लोक नाक मुरडत होते, त्यात पैसा आहे हे कळताच त्याला मालक मिळाला. बायका गाडीला आडव्या गेल्या. आमची भाकरी का उचलून नेता, हा त्यांचा सवाल होता. या बायकांचा पुढचा सगळा प्रवास त्या एका सवालाभोवती फिरतो. कचरा नेमका कोणाचा? तो टाकणाऱ्याचा, महापालिकेचा, ठेकेदाराचा, की वर्षानुवर्षं तो निवडून त्याची किंमत करणारीचा?

कचरावेचकांचा मुलगा असलेले मोहन ननावरे आणि हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव सोबत आले. मे १९९३ मध्ये मेळावा भरला, त्याला आठशेहून अधिक कचरावेचक आले. त्यातून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. नावातच मालाची यादी आहे. ही देणगीवर चालणारी कल्याणकारी संस्था नव्हे, सभासदांच्या वर्गणीवर उभी असलेली कामगार संघटना आहे. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. इथे कोणी कोणाचा उद्धार करायला आलेलं नव्हतं. काम आधीपासून चालू होतं, ते काम म्हणून मान्य करून घ्यायचं होतं.

सभासदांत बहुसंख्य बायका. बहुतेक मातंग आणि बौद्ध समाजातल्या. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली अनेक कुटुंबं. जमीन नाही, शिक्षण नाही, आणि घरकामाला ठेवताना जात विचारणारं शहर. कचऱ्यासाठी मात्र कोणी जात विचारत नव्हतं, कारण त्या कामाला दुसरं कोणी येणारच नव्हतं. यांतल्या कितीतरी जणी विधवा, टाकलेल्या, नाहीतर नवरा असून एकटीनं घर ओढणाऱ्या. चोरी झाली की पोलिसांचा पहिला संशय पोतं घेतलेल्या बाईवर. भंगाराच्या दुकानात काट्यात मार, घरी सावकाराचं व्याज.

म्हणून पहिली मोठी मागणी होती ओळखपत्राची. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी ती मान्य केली. देशात असं प्रथमच घडत होतं. गळ्यातल्या त्या कार्डामुळे पोलीसचौकीत बाई मान वर करून बोलू लागली. मग स्वतःची पतसंस्था आली, स्वतःचं भंगाराचं दुकान आलं.

२००१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी या धंद्याचा अभ्यास झाला. एक कचरावेचक दरमहा २४६ रुपयांचं काम महापालिकेला फुकट करून देते, असा हिशोब त्यात मांडला होता. तिनं उचललेला माल महापालिकेला उचलावा लागत नाही, वाहून न्यावा लागत नाही, पुरावाही लागत नाही. हा आकडा घेऊन बायका दारात उभ्या राहिल्या, तेव्हा बोलणं दयेचं उरलं नाही, देण्याघेण्याचं झालं. त्यानंतर पुणे महापालिकेनं नोंदणीकृत कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली.

पुढचं पाऊल २००७-०८ चं. घरोघर जाऊन कचरा गोळा करणं केंद्राच्या २००० सालच्या नियमांनी शहरांवर बंधनकारक केलंच होतं. हे काम आम्हीच करू, असं पंचायतीनं सुचवलं आणि 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था स्थापन झाली. २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. आज तीन हजारांहून अधिक सभासद ढकलगाड्या घेऊन दारोदार जातात. दरमहा घरटी शुल्क आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे, दोन्ही त्यांचे.

एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी त्यांना कचरा निवडताना पाहावं. पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं. दुधाची पिशवी एका ढिगात, पाण्याची बाटली दुसऱ्या. वेफरचं चकचकीत पाकीट बाजूला, त्याला भाव नाही. प्लास्टिक ओळखता आलं नाही, तर बोटांत चुरगाळून आवाज ऐकायचा, कडक आणि नरम लगेच कळतं. हे कसब कुठल्या यंत्रशाळेत शिकवत नाहीत. त्याच ढिगात न गुंडाळलेलं सॅनिटरी पॅड हाताला लागतं, तेव्हा बाई क्षणभर थांबते आणि पुन्हा हात घालते. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढीच या बायकांची विनंती आहे. आपल्या घरात ती पाळली जाते का, हे प्रत्येकानं आजच पाहावं.

ठेकेदारी पद्धत 'स्वच्छ'च्या व्यवस्थेपेक्षा मुळातच वेगळी आहे. जिथे टनावर पैसे मिळतात, तिथे जितका कचरा डेपोवर जाईल तितका ठेकेदाराचा फायदा. कचरावेचक बाईचं उलट. जितका माल निवडून विकला जाईल, तितकी तिची कमाई आणि तितकाच डेपोचा भार कमी. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या गावांतल्या पुण्याच्या कचरा डेपोविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलन केलं आहे. हा हिशोब त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

तरीही करार संपण्याची वेळ आली की धास्ती वाढते. २०१३ मध्ये पहिला करार संपल्यावर नवा व्हायला काही वर्षं गेली, मधल्या काळात काम चालूच राहिलं. यंत्रं, मोठ्या गाड्या, बड्या निविदा या गोष्टी प्रशासनाला आधुनिक वाटतात, ढकलगाडी मागास वाटते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना सामावून घेण्याचं बंधन स्थानिक संस्थांवर घातलं, पण कागदावरचा नियम अमलात आणायला बायकांना मोर्चे काढावेच लागतात.

१९९३ च्या मेळाव्यात तिशी-चाळिशीत असलेल्या बायका आता साठीच्या, सत्तरीच्या आहेत. गुडघे गेलेत, पाठ वाकलीय. तीस वर्षं शहर स्वच्छ ठेवून त्यांच्या नावावर ना भविष्यनिर्वाह निधी, ना निवृत्तिवेतन. असंघटित कष्टकऱ्यांना पेन्शन मिळावं, ही बाबा आढावांनी लावून धरलेली मागणी त्यांचीही आहे. ती मान्य होईपर्यंत यांतल्या अनेकजणी सकाळी गाडी ढकलतच राहणार आहेत.