सोयाबीनचे रंग आणि प्लॅस्टिक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बावधनमधील नव्या इमारतींच्या लोखंडी जाळ्यांवर चढणारा ऑईल पेंट थिनर उडून गेला की वाळतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते; वस्तुतः थिनर उडणे ही केवळ सुरुवात असते. अशा रंगाचा पाया असलेले अल्कीड रेझीन बहुधा वनस्पती तेलाच्या मेदाम्लांपासून बनवतात आणि त्यांत सोयाबीनच्या तेलाचा वाटा मोठा आहे. या तेलातील निम्म्याच्या आसपास मेदाम्ल लिनोलेइक असून त्याच्या साखळीत दोन दुहेरी बंध, म्हणजे हवेतील प्राणवायूला सहज प्रतिसाद देणाऱ्या जागा असतात. तेथे साखळ्या एकमेकींत गुंतून कायमचे जाळे तयार होते. अर्धवट वापरलेल्या डब्यात रंगावर साय धरते, तीही यामुळेच. जवसाच्या तेलापेक्षा हे तेल सावकाश वाळते, परंतु कमी पिवळे पडत असल्याने पांढऱ्या रंगांना तेच सोयीचे ठरते. अल्कीड रेझिने १९२० च्या दशकापासून प्रचारात आहेत, तेव्हा सोयाबीनची ही रसायने अगदी नवी आहेत, ही समजूतही टिकत नाही.

याहून घातक समज असा की, पिकापासून बनलेली वस्तू मातीत आपोआप कुजते. कुजणे हे कार्बन शेतातून आला की खनिज तेलातून यावर नव्हे, तर अंतिम रेणूच्या रचनेवर अवलंबून असते. वाळलेल्या अल्कीडचे जाळे सहजासहजी तुटत नाही. दुहेरी बंधांवर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने प्राणवायू बसवून मिळणारे इपॉक्सी सोयाबीन तेल पीव्हीसीला मऊपणा देते आणि तापलेल्या पीव्हीसीतून सुटणारे हायड्रोक्लोरिक आम्ल पकडून ठेवते. तरीही पीव्हीसी हे पीव्हीसीच राहते. याच तेलापासून पॉलिऑल बनवून पॉलियुरेथेनचा फोम तयार करता येतो, पण त्यासाठी लागणारे आयसोसायनेट आजही प्रामुख्याने खनिज तेलातूनच येते. म्हणून निव्वळ ‘सोयायुक्त’ या शब्दावर विसंबून वस्तू निसर्गस्नेही ठरवणे चुकीचे आहे.

खाण्याचे तेल कारखान्यांकडे वळेल, ही भीती मात्र सरसकट खोडून काढता येत नाही, कारण भारत गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. तेल शुद्ध करताना उरणाऱ्या साबणी गाळापासून ॲसिड ऑईल आणि त्यापासून अल्कीडला लागणारी मेदाम्ले मिळतात, तेव्हा तेथे स्वयंपाकघरातील तेलाला हात लागत नाही. इपॉक्सी तेलासाठी मात्र शुद्ध तेलच लागते आणि तेथे ही स्पर्धा खरी आहे.