आज्ञावलीकारांची उत्पादकता

संगणकाचे सॉफ्टवेअर अथवा आज्ञावली लिहिणाऱ्या व्यक्तीने ठराविक काळात केलेले उपयुक्त काम म्हणजे तिची उत्पादकता होय. तिचे मापन कठीण असते. राळेगाव (जि. यवतमाळ) परिसरात कापूस वेचणीची मजुरी वजनावर ठरते, कारण वेचलेला कापूस तोलता येतो. आज्ञावलीच्या ओळी मोजल्या, तर तेच काम थोड्या ओळींत साधणारा कुशल आज्ञावलीकार कमी उत्पादक ठरतो.

अमेरिकेत सॅकमन, एरिक्सन व ग्रँट यांनी १२ अनुभवी आज्ञावलीकारांवरील प्रयोगाचे निष्कर्ष १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. एका उदाहरणातील चुका शोधून दुरुस्त करण्यास लागलेल्या वेळांचे कमाल गुणोत्तर २८ : १ आढळले. हा आकडा पुढे व्यक्तिगत कौशल्यातील तफावतीचे प्रमाण म्हणून रूढ झाला. तथापि सर्वांनी वापरलेली भाषा व संगणक वापरण्याची पद्धती एकच नव्हती; शिवाय ही तुलना सर्वांत मंद व सर्वांत जलद अशा दोनच व्यक्तींची होती. लुट्स प्रेशेल्ट यांनी १९९९ मध्ये अनेक प्रयोगांतील माहिती तपासून तो आकडा चुकीचा व दिशाभूल करणारा असल्याचे दाखविले. प्रत्यक्षातील फरक लक्षणीय, परंतु पुष्कळच लहान असतात.

टॉम डीमार्को व टिमथी लिस्टर यांना १९८५ मध्ये असे आढळले की, सरस काम करणाऱ्यांची कामाची जागा अधिक शांत व प्रशस्त होती. यामुळे मंदगतीचा दोष केवळ व्यक्तीकडे देऊन त्यावर वेतन वा बढती ठरविणे अन्यायकारक होऊ शकते.