लेक डॉक्टर होतेय, तिचा फोन नीट ऐका

आपल्या तळवड्याजवळ, पिंपरीत, मेडिकल आणि डेंटल दोन्ही कॉलेजं आहेत. डॉक्टरकीचा अभ्यास अवघड, त्यात रात्रपाळ्या. थकवा येणारच, पण झोप झाली की तो उतरतो. वरिष्ठ चारचौघांत अपमान करतात, जातीवरून टोचतात, काम शिकूच देत नाहीत, हा त्रास मात्र वेगळा. ‘सोस थोडं’ म्हणून तो जात नाही.

जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगाचं पुढचं शिक्षण घेत होत्या. असाच त्रास होतो, हे त्यांनी आईला, आबेदाताईंना, सांगितलं होतं. २२ मे २०१९ ला पायलताईंनी आयुष्य संपवलं. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर छळाचा आरोप ठेवून खटला भरला गेला.

आपल्या राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. विद्यार्थिनीच नव्हे, आईवडिलांनीही लेखी तक्रार दिली, तर कॉलेजप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावीच लागते. टाळली, तर त्यानं गुन्ह्याला साथ दिली असं कायदा धरतो. म्हणून नुसतं तोंडी सांगून परतू नका. अर्ज द्या आणि बँकेत घेतो तशी तारीख-शिक्क्याची पोच घ्या. लेक फारच खचलेली वाटली, तर १४४१६ लावा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.